कोलभाट लेनमधले शब्दशास्त्र : निर्णयसागर छापखान्याची वाटचाल

संस्कृत व्याकरणाच्या जुन्या पुस्तकांचे कपाट भारतात कुठेही उघडावे, काशीत, म्हैसुरात किंवा पुण्यात, त्यात मुंबईच्या काळबादेवीचा पत्ता हमखास सापडतो. शीर्षकपानावर तळाशी ‘निर्णयसागर’ आणि कोलभाट लेन ही अक्षरे असतात. भट्टोजी दीक्षितांची ‘सिद्धांतकौमुदी’, पतंजलींचे ‘महाभाष्य’, अमरसिंहाचा ‘अमरकोश’, हेमचंद्राचे कोश हे ग्रंथ कित्येक पिढ्यांनी ज्या पानांवरून वाचले, ती पाने गिरगाव आणि काळबादेवीच्या सीमेवरच्या एका गल्लीत जुळवली गेली. ज्याने हे काम उभे केले, त्याचे स्वतःचे शालेय शिक्षण जेमतेमच झाले होते. त्याने आयुष्याची सुरुवात छापखान्यात अक्षरांचे खिळे घासण्यापासून केली.

जावजी दादाजी चौधरी यांच्या या छापखान्याचा इतिहास मराठी माणसाने अभिमानाने सांगायला हवा. त्या अभिमानाला सनावळीपेक्षा मोठे कारण आहे. शास्त्र टिकते ते पंडिताच्या बुद्धीवर, असे आपण नेहमी म्हणतो. निर्णयसागरची वाटचाल पाहिली की त्या बुद्धीइतकेच मोल हातांचे होते, हे मान्य करावे लागते. पोलादावर अक्षर कोरणारा, शिसे ओतणारा, खिळा घासणारा, ओळ जुळवणारा आणि मुद्रिते तपासणारा, या सगळ्यांनी मिळून व्याकरणाला घराघरात नेले.

मुंबईची पूर्वपीठिका

मुंबईला देशी छपाईची परंपरा पारशी गृहस्थांनी दिली. फर्दुनजी मर्झबान यांनी १८१२ मध्ये गुजराती छापखाना काढला. पाठोपाठ अमेरिकन मिशनऱ्यांनी आपले मुद्रणयंत्र आणले आणि १८१७ पासून मराठी पुस्तिका छापायला सुरुवात केली. त्यांचा उद्देश धर्मप्रसाराचा होता. पण त्यांच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम नावाचा एक कसबी माणूस होता. देवनागरीचे खिळे लहान, सुबक आणि एकसारखे व्हावेत यासाठी त्याने पुष्कळ खटपट केली. या मिशन प्रेसच्या कारखान्यात जे मराठी तरुण शिकले, त्यांनीच पुढे मुंबईच्या मुद्रणव्यवसायाचा पाया घातला.

त्यांतले पहिले मोठे नाव गणपत कृष्णाजी यांचे. त्यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग छापले आणि हिंदू समाजाचा स्वतःचा छापखाना उभा केला. त्या काळी छापील कागदाला हात लावायला अनेक कर्मठ लोक तयार नसत. शाईत चरबी असते असा त्यांचा संशय होता. गणपत कृष्णाजींनी शाई स्वतः तयार केली आणि ती तुपाची असते असे लोकांत प्रसिद्ध झाले. धर्मग्रंथ छापून घेण्याची मनाची तयारी समाजात अशी हळूहळू झाली. निर्णयसागरने पुढे जे पीक काढले, त्याची जमीन या माणसाने नांगरली होती.

संस्कृत व्याकरणाची छपाई मात्र आधी कलकत्त्याच्या परिसरात सुरू झाली होती. पाणिनीची अष्टाध्यायी तिथे १८०९ मध्ये छापली गेली. त्याच्या आदल्या वर्षी कोलब्रुक या इंग्रज अभ्यासकाने अमरकोश श्रीरामपूरला काढला होता. पुढे बोथलिंक या पंडिताने १८३९-४० मध्ये जर्मनीतल्या बॉन शहरातून अष्टाध्यायीची आवृत्ती प्रसिद्ध केली. ही सारी कामे सरकारच्या किंवा युरोपातल्या विद्यापीठांच्या आश्रयाने झाली. पाठशाळेतल्या विद्यार्थ्याच्या हातात ती पुस्तके क्वचितच पोहोचत. तो अजून गुरूच्या घरची पोथी उतरवून घेत होता.

खिळे घासणारा मुलगा

जावजींचा जन्म १८३९ चा. घरी अठराविश्वे दारिद्र्य. दहा वर्षांचे असताना ते अमेरिकन मिशन प्रेसमध्ये दरमहा दोन रुपयांवर कामाला लागले. काम खिळे घासण्याचे. साच्यातून नुकताच निघालेला खिळा कडेने खरखरीत असतो. त्याच्या बाजूंवर शिशाचे कंगोरे राहिलेले असतात. ते दगडावर घासून काढले नाहीत तर खिळे एकमेकांना चिकटून उभे राहत नाहीत, ओळ वाकडी होते आणि छापताना एखादे अक्षर उचलले जाते. हे काम कारखान्यात सर्वांत खालचे मानले जाई. पण दिवसभर हजारो खिळे बोटांखालून गेल्यामुळे कुठल्या अक्षराची रेघ कुठे जाड, कुठे बारीक, कोणता खिळा आखूड निघाला, हे त्या मुलाला स्पर्शाने कळू लागले. छपाईचे खरे शिक्षण त्याला तिथे मिळाले.

पुढे मुंबईतल्या इतर छापखान्यांत, ‘इंदुप्रकाश’च्या छापखान्यातही, त्यांनी नोकरी केली आणि ओतकामाची सगळी अंगे आत्मसात केली. १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला. या कामात त्यांना राणोजी रावजी आरू हा मित्र मिळाला. राणोजी पंच कोरण्यात वाकबगार होते. पोलादाच्या सळईच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे, तो पंच तांब्याच्या पट्टीवर ठोकून तिच्यात अक्षराचा खोलगट ठसा उठवायचा, ती पट्टी साच्यात बसवून वर शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा रस ओतायचा, असा तो सगळा क्रम. पहिल्या पायरीवर पंच कोरताना हात केसभर चुकला, तर तो दोष त्या अक्षराच्या प्रत्येक खिळ्यात आणि प्रत्येक पानावर उतरतो. राणोजींच्या हाताने कोरलेल्या देवनागरीला जे वळण मिळाले, ते भरदार, गोलाईचे आणि डोळ्याला न शिणवणारे होते. पुढच्या काळात देवनागरी छपाईचे सौंदर्य मोजायचे माप म्हणूनच लोक निर्णयसागरी वळणाकडे पाहू लागले.

पाच वर्षांनी, १८६९ मध्ये, जावजींनी छापखाना सुरू केला. आधी खिळे आणि मग छापखाना, हा क्रम महत्त्वाचा आहे. इतर छापखाने बाजारात मिळतील ते खिळे विकत घेत आणि त्यांत बसेल तसे पुस्तक छापत. जावजींच्या घरात ओतशाळाच असल्यामुळे पुस्तकाला जे अक्षर हवे, ते करून घेता येई. जोडाक्षर नसेल तर कोरून घ्यायचे, टीकेसाठी बारीक अक्षर हवे असेल तर त्या मापाचा नवा संच ओतायचा. संस्कृत शास्त्रग्रंथ छापायला नेमकी हीच सोय लागते.

मागणी कुठून आली

जावजींचा काळही अनुकूल होता. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि संस्कृत हा परीक्षेचा विषय झाला. एल्फिन्स्टन कॉलेजात ब्यूलर, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात कीलहॉर्न असे जर्मन पंडित शिकवू लागले. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची संस्कृतची पहिली आणि दुसरी पुस्तके शाळाशाळांत गेली. ब्यूलर आणि कीलहॉर्न यांच्या पुढाकाराने सरकारी ‘मुंबई संस्कृत माला’ सुरू झाली. याच मालेत कीलहॉर्न यांनी पतंजलींच्या महाभाष्याची तीन भागांतली आवृत्ती १८८० ते १८८५ या काळात प्रसिद्ध केली. अनेक हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेला तो पाठ आजही प्रमाण मानतात.

म्हणजे १८८० च्या सुमारास मुंबईत संस्कृतचे दोन वाचकवर्ग तयार झाले होते. एक कॉलेजातला, त्याला मूळ पाठ, पाठभेद आणि इंग्रजी टिपा हव्या होत्या. दुसरा पाठशाळेतला, त्याला टीकेशिवाय मूळ ग्रंथ अर्धवट वाटे. तो कौमुदी ‘तत्त्वबोधिनी’सह वाचे, भाष्य ‘प्रदीप’ आणि ‘उद्द्योत’ यांच्यासह वाचे. सरकारी मालेने पहिल्या वर्गाची सोय केली. निर्णयसागरने दुसऱ्या वर्गाला जवळ केले आणि पुढे पहिल्यालाही आपलेसे केले. सरकारी मदतीवर नव्हे, तर पुस्तकांच्या विक्रीवर हे काम चालवायचे, हे धाडस जावजींचे.

त्या विक्रीला आधार होता तो पंचांगाचा आणि मराठी पुस्तकांचा. निर्णयसागर पंचांग घरोघरी गेले. १८८१ पासून विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ मासिक इथून निघू लागले. त्यावर महाराष्ट्रातल्या मुलांच्या कितीतरी पिढ्या वाढल्या. वामन दाजी ओक यांच्यासारख्यांच्या संपादनाखाली जुन्या मराठी कवींचा ‘काव्यसंग्रह’ निघाला. पंचांगावर आणि बालवाङ्मयावर चालणाऱ्या घराने व्याकरणाचे अवजड ग्रंथ अंगावर घेतले, यात व्यापारी हिशेब होताच. पण त्या हिशेबापलीकडचे वेडही होते.

काव्यमाला आणि अभिधानसंग्रह

१८८६ मध्ये ‘काव्यमाला’ सुरू झाली. जयपूर महाराजांच्या आश्रयाला असलेले पंडित दुर्गाप्रसाद आणि मुंबईकर काशीनाथ पांडुरंग परब हे तिचे संपादक. दुर्गाप्रसादांनी राजस्थान आणि काश्मीरकडच्या हस्तलिखितांचा शोध घेतला. परबांनी मुंबईत बसून पाठ शुद्ध केले आणि मुद्रिते तपासली. पुढे लाहोरच्या ओरिएंटल कॉलेजातले पंडित शिवदत्त या कामात आले. जयपूर, लाहोर आणि मुंबई असा हा त्रिकोण टपालाच्या पाकिटांवर चालत होता. या मालेतून जगन्नाथ पंडिताचा ‘रसगंगाधर’ नागेशाच्या टीकेसह १८८८ मध्ये आला, आनंदवर्धनाचा ‘ध्वन्यालोक’ अभिनवगुप्ताच्या ‘लोचना’सह १८९१ मध्ये आला आणि भरताचे ‘नाट्यशास्त्र’ १८९४ मध्ये आले. साहित्यशास्त्राचा आजचा सगळा अभ्यास या पुस्तकांच्या खांद्यावर उभा आहे.

व्याकरणाच्या विद्यार्थ्यालाही काव्यमालेने विसरले नाही. १९०० मध्ये तिच्यात भट्ट भीमाचे ‘रावणार्जुनीय’ निघाले. रावण आणि कार्तवीर्य अर्जुन यांच्या युद्धाची कथा सांगता सांगता अष्टाध्यायीच्या सूत्रांची उदाहरणे क्रमाने देणारे हे काव्य. रूक्ष सूत्रे कानात मुरवण्याचा जुन्या आचार्यांचा हा मार्ग पुन्हा विद्यार्थ्यांपुढे आला.

शब्दशास्त्राच्या दृष्टीने मात्र याहून मोठे काम ‘अभिधानसंग्रह’ या मालेचे. जुने संस्कृत कोश एकत्र, एकाच धाटणीत आणि परवडणाऱ्या रूपात छापायचे, हा तिचा संकल्प. १८८९ मध्ये पहिला भाग आला. त्यात अमरकोश आणि पुरुषोत्तमदेवाचे ‘त्रिकांडशेष’, ‘हारावली’, ‘एकाक्षरकोश’ व ‘द्विरूपकोश’ हे एकत्र होते. १८९६ मध्ये हेमचंद्राच्या कोशांचा भाग निघाला. कोश हे तोवर पाठ करण्याचे ग्रंथ होते. अमरकोशाचे श्लोक मुलाला बोबड्या वयातच घोकायला लावत. छापील संग्रहामुळे कोश उघडून पाहण्याची, एका शब्दावर चार कोशकार काय म्हणतात ते समोरासमोर ठेवून तपासण्याची सवय लागली. पाठांतराची जागा यामुळे गेली नाही. तिला शोधाची जोड मिळाली.

त्याच १८८९ मध्ये शिवदत्तांनी संपादित केलेला अमरकोश भानुजी दीक्षितांच्या ‘व्याख्यासुधा’ टीकेसह निघाला. पंडित तिला ‘रामाश्रमी’ म्हणतात. भानुजी हे कौमुदीकार भट्टोजींचे चिरंजीव. अमराचा प्रत्येक शब्द पाणिनीच्या कोणत्या सूत्राने, कोणत्या धातूपासून सिद्ध होतो ते या टीकेत सांगितले आहे. म्हणजे बापाचे व्याकरण मुलाने कोशाला लावून दाखवले. छापखान्याने दोघांची पुस्तके एकाच गल्लीतून विद्यार्थ्याच्या हाती दिली.

एका पानातली पायरी

व्याकरणाचे पुस्तक छापणे हे कादंबरी छापण्यासारखे नसते. निर्णयसागरची कौमुदी उघडली की पानाची रचना पाहावी. वर ठळक खिळ्यांत सूत्र, त्याच्याजवळ अष्टाध्यायीतले अध्याय, पाद आणि सूत्राचा क्रमांक. सूत्राखाली भट्टोजींची वृत्ती. त्याखाली आडवी रेघ आणि बारीक अक्षरांत ज्ञानेंद्र सरस्वतींची ‘तत्त्वबोधिनी’. तळटीप त्याहून बारीक. शेवटी सूत्रांची अकारविल्हे सूची. वासुदेव लक्ष्मणशास्त्री पणशीकर यांनी शोधलेल्या या आवृत्त्या विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुन्हापुन्हा छापाव्या लागल्या.

ही रचना दिसते तितकी सोपी नाही. वर वृत्तीच्या चार ओळी असतील तर टीकेच्या चाळीस ओळी असतात. दोन्ही एकाच पानावर एकमेकांना धरून राहिल्या पाहिजेत. एका ठिकाणी दोन शब्द वाढले की पुढची कित्येक पाने नव्याने मांडावी लागतात. इंग्रजी जुळवणाऱ्याला दोन केसांत, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या दोन पेट्यांत, काम भागते; संस्कृत जुळवणाऱ्याभोवती केसांची रांग उभी असते, कारण जोडाक्षरे, काना-मात्रा, रेफ, अवग्रह आणि वैदिक प्रकरणात स्वरांच्या खुणा मिळून कित्येकशे प्रकारचे खिळे लागतात. त्यात व्याकरणाच्या भाषेचे वेगळे संकट. वाक्याला ओळखीचा अर्थ असला तर जुळवणाऱ्याचा हात अंदाजाने बरोबर जातो. प्रत्ययांची, अनुबंधांची, प्रत्याहारांची अक्षरे अशी ओळखीची नसतात; ‘ण’च्या जागी ‘न’ पडला तर सूत्राचा अर्थच फिरतो आणि वाचणाऱ्याला चूक कळण्याचे साधन नसते. म्हणून निर्णयसागरात शास्त्री लोक संस्थेचे अंग होते. मुद्रित पुन्हापुन्हा वाचायचे, हस्तलिखिताशी ताडायचे आणि मगच जुळवलेल्या पानांचा फर्मा यंत्रावर चढवायचा, ही शिस्त तिथे मुरली. ‘निर्णयसागर प्रत’ म्हणजे शुद्ध प्रत, ही ख्याती शास्त्री आणि जुळारी यांच्या या जोडकामाने मिळवली.

या शिस्तीचा कळस महाभाष्याच्या आवृत्तीत दिसतो. पतंजलींचे भाष्य, त्यावर काश्मीरच्या कैयटाचा ‘प्रदीप’, प्रदीपावर नागेशभट्टाचा ‘उद्द्योत’, आणि सुरुवातीच्या नवाह्निकात उद्द्योतावर वैद्यनाथ पायगुंडे यांची ‘छाया’. एका पानावर चार थर. नागेशभट्ट काळे आणि पायगुंडे हे दोघेही काशीत राहिलेले मराठी पंडित. गंगेच्या काठी त्यांनी लिहिलेले ग्रंथ दीडदोन शतकांनंतर अरबी समुद्राच्या काठी छापले गेले. शिवदत्त, रघुनाथशास्त्री आणि भार्गवशास्त्री जोशी अशा संपादकांच्या हातांतून हे खंड निघत राहिले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत हाती घेतलेले हे काम १९४० च्या दशकात तडीस गेले. इतकी वर्षे एखादा खाजगी छापखाना एकाच ग्रंथाचा पाठपुरावा करतो, ही गोष्ट जगातल्या कोणत्याही विद्यापीठाने आदराने सांगावी अशी आहे.

अरबी व्याकरणाची समांतर वाट

निर्णयसागर उभा राहत होता त्याच सुमारास जगात आणखी एक प्राचीन व्याकरणपरंपरा छापखान्यात येत होती. अरबी व्याकरणाचा आदिग्रंथ म्हणजे आठव्या शतकातल्या सीबवैहीचा ‘किताब’. आपल्याकडे पाणिनीचे जे स्थान, तेच तिकडे त्याचे. कीलहॉर्नचे महाभाष्य मुंबईत निघत असतानाच, १८८१ पासून, देरेनबूर या फ्रेंच पंडिताने ‘किताब’ची आवृत्ती पॅरिसहून काढायला घेतली, १८८९ मध्ये ती पुरी झाली. नंतर कैरोजवळच्या बुलाक छापखान्याने एकोणिसावे शतक संपता संपता आपली आवृत्ती काढली आणि तिच्या समासात सीराफीच्या टीकेतले उतारे दिले. इब्न मंजूरचा ‘लिसान अल्-अरब’ हा प्रचंड कोश याच बुलाकने १८८० च्या दशकात वीस खंडांत छापायला घेतला होता.

अरबी व्याकरणाची छपाई मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरू झाली होती. रोममधल्या मेदिची छापखान्याने १५९२ मध्येच ‘आजुर्रूमिय्या’ आणि ‘काफिया’ ही दोन छोटी पाठ्यपुस्तके छापली. कलकत्त्याहून १८१७ मध्ये फिरोजाबादीचा ‘कामूस’ हा कोश निघाला. तिथेही मूळ ग्रंथ, त्यावर ‘शरह’ म्हणजे टीका, शरहवर ‘हाशिया’ म्हणजे टीकेवरची टीका, असे थर होतेच. तिथेही गुरूच्या तोंडून ग्रंथ ऐकल्याशिवाय विद्या पुरी झाली असे मानत नसत. दोन्ही परंपरांना छापताना एकच प्रश्न सोडवायचा होता: गुरूच्या आवाजातला मूळ आणि टीका यांचा भेद कागदावर डोळ्याला कसा दाखवायचा? अरबी मुद्रकांनी समासाचा आश्रय घेतला. निर्णयसागरने खिळ्यांची मापे बदलून पान आडवे विभागले.

मुंबईत तर या दोन्ही वाटा एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर होत्या. मुसलमान वस्तीतल्या छापखान्यांतून फारसी, उर्दू आणि अरबी पुस्तके शिळाछापावर निघत आणि जहाजांनी इराणपर्यंत जात. खुशनवीस, म्हणजे सुलेखनकार, कागदावर लिही आणि ते लेखन दगडावर उतरे. नस्तालीक लिपीची वळणे शिशाच्या सुट्या खिळ्यांत नीट बसत नसल्यामुळे त्या छापखान्यांना दगडच सोयीचा होता. देवनागरीची सुरुवातही मुंबईत शिळेवरच मोठ्या प्रमाणावर झाली होती. तिला शिळेवरून शिशावर आणून, हस्तलिखिताच्या तोडीचे सौंदर्य खिळ्यांत उतरवणे, हे निर्णयसागरचे स्वतंत्र कर्तृत्व. शेजारच्या खेतवाडीत खेमराज श्रीकृष्णदासांचा वेंकटेश्वर छापखानाही संस्कृत-हिंदी ग्रंथांचे डोंगर रचत होता. गिरगाव, खेतवाडी, काळबादेवी आणि भेंडीबाजार हा पट्टा एके काळी आशियातल्या विद्यांचा छापखाना होता, असे म्हणताना अतिशयोक्ती होत नाही.

शीर्षकपानावरची नावे

५ एप्रिल १८९२ रोजी जावजी दादाजी गेले. वय अवघे त्रेपन्नाच्या घरात. छापखाना मात्र थांबला नाही. त्याची पुढची कथा पुस्तकांच्या शीर्षकपानांवरच लिहिलेली आहे. शतक पालटताना प्रकाशक म्हणून तुकाराम जावजी यांचे नाव येते, आणि छापखान्याचा उल्लेख ‘जावजी दादाजींचा निर्णयसागर’ असा होतो. वडिलांचे नाव मुलाने पुढे ठेवले. १९२० नंतरच्या पुस्तकांवर पांडुरंग जावजी हे नाव दिसते. १९४० च्या दशकात सत्यभामाबाई पांडुरंग हे नाव येते. संस्कृत शास्त्रग्रंथांच्या प्रकाशक म्हणून एका मराठी स्त्रीचे नाव देशभरातल्या पंडितांच्या घरी गेले. या गोष्टीची नोंद आपल्या मुद्रणाच्या इतिहासात ठळकपणे व्हायला हवी.

शीर्षकपानाच्या मागे बारीक अक्षरांत आणखी नावे असतात. बाळकृष्ण रामचंद्र घाणेकर, रामचंद्र येसू शेडगे. हे मुद्रक. पंडितांची चरित्रे लिहिली गेली, प्रकाशकांचीही थोडीफार. पण ज्यांच्या देखरेखीखाली हजारो फर्मे छापले गेले, त्यांच्याविषयी ती एक ओळच उरते. राणोजी आरूंच्या कोरीव अक्षरांनी ज्यांचे डोळे सुखावले, त्या वाचकांपैकी कितींना राणोजींचे नाव ठाऊक होते? हा अन्याय कोणा एकाचा नाही. विद्येचे श्रेय वाटताना हातकामाला मागे ठेवण्याची आपली जुनी सवय त्याच्या मुळाशी आहे.

या साऱ्या काळात ग्रंथांचे क्षेत्रही वाढत गेले. ब्रह्मसूत्रांचे शांकरभाष्य टीकांसह, स्मृतिग्रंथ, यादवजी त्रिकमजी आचार्यांनी शोधलेल्या ‘सुश्रुतसंहिता’ आणि ‘चरकसंहिता’, नारायण राम आचार्यांनी नव्याने सिद्ध केलेले ‘सुभाषितरत्नभांडागार’. वैद्य, वकील, कीर्तनकार, वेदांती, सगळ्यांच्या कपाटात कोलभाट लेन होती. पण या साऱ्यांना वाचता येण्याची किल्ली व्याकरण आणि कोश हीच होती आणि छापखान्याने ती कधी बाजूला ठेवली नाही.

ओसरता काळ आणि उरलेले काम

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलत गेले. पाठशाळा कमी झाल्या, शास्त्री घराण्यांतली मुले इतर व्यवसायांत गेली. हाताने जुळवलेले पान महाग पडू लागले. जुने पान छायाचित्र घेऊन जसेच्या तसे छापता येऊ लागले, तेव्हा पुन्हा खिळे जुळवण्याची गरजच राहिली नाही. काशीच्या चौखंबा आणि दिल्लीच्या मुन्शीराम मनोहरलाल यांच्यासारख्या प्रकाशकांनी निर्णयसागरच्या जुन्या ग्रंथांची पुनर्मुद्रणे काढली. मुखपृष्ठ नव्या प्रकाशकाचे, आतली अक्षरे राणोजींच्या वळणाची. संगणकावरच्या ग्रंथभांडारांतही आज हीच पाने मोठ्या संख्येने पाहायला मिळतात. जगात कुठेही बसून कोणी ‘तत्त्वबोधिनी’ उघडतो, तेव्हा बहुधा मुंबईच्या जुळाऱ्याने मांडलेली ओळच त्याच्या डोळ्यांपुढे येते.

म्हणून या संस्थेची वाटचाल संपली असे मला म्हणवत नाही. तिच्याकडे पाहण्याचे आपले काम मात्र अजून व्हायचे आहे. निर्णयसागरच्या सर्व ग्रंथांची, त्यांच्या प्रत्येक आवृत्तीची आणि प्रत्येक आवृत्तीमागच्या संपादक, प्रकाशक, मुद्रक यांची एक सविस्तर मराठी सूची हवी. कोणत्या ग्रंथाचा पाठ कोणत्या हस्तलिखितावरून आला, कोणत्या आवृत्तीत तो सुधारला, हे त्यातून दिसेल. व्याकरणाच्या अभ्यासकाला याची गरज आहे, कारण पुनर्मुद्रण हातात घेताना ते पहिल्या आवृत्तीचे की नंतर शोधलेल्या आवृत्तीचे, हे कळल्याशिवाय पाठावर विसंबता येत नाही. मुंबईच्या इतिहासकारालाही आहे, कारण गिरण्यांइतकेच छापखान्यांनीही हे शहर घडवले आहे. आणि पंच, ठशांच्या तांब्याच्या पट्ट्या, साचे आणि जुने खिळे जिथे कुठे उरले असतील तिथून ते एखाद्या सार्वजनिक संग्रहात यायला हवेत. एकदा ते भंगाराच्या भावाने वितळले की कोणतीही छायाचित्रे त्यांची उणीव भरून काढणार नाहीत.

आपल्याकडे ग्रंथसंग्रहालये आहेत, संस्कृतचे विभाग आहेत, मुद्रणाचे शिक्षण देणाऱ्या संस्था आहेत. या तिघांनी एकत्र बसून हे काम करावे इतके ते आवाक्यातले आहे. दरमहा दोन रुपयांवर खिळे घासणाऱ्या मुलाने पाणिनीच्या परंपरेचे ऋण फेडले. त्याचे आणि त्याच्या कारागिरांचे ऋण फेडण्याची पाळी आता आपली आहे, आणि त्याची सुरुवात त्यांची नावे ग्रंथांच्या नोंदींत पंडितांच्या नावांशेजारी लिहिण्यापासून करता येईल.